खाडीचा म्हणून वाढलेला जिताडा

१६ एप्रिल
जयंतीची गडबड संपली आणि काल अशू आली. सातवा सरत आलाय. जावई आणि विहीणबाई सोडायला आले होते. कल्याणहून आमच्या कोन गावाला यायला वेळ तो किती, पण विहीणबाईंचा चेहरा असा की पोर परदेशी चाललीय. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मागच्या वेळी गेलं तेव्हा ती आमच्याकडे होती. आता तुमच्याकडे आहे." एवढंच बोलल्या. चहाही अर्धा ठेवला.
मागच्या वर्षी पाचव्या महिन्यात गेलं होतं. कोणाची चूक नव्हती. पण बोल कोणाला तरी लागतोच.

अशूला एकच डोहाळा. खाडीचा जिताडा. "आई, कल्याणला मिळतो तो सगळा तळ्यात पाळलेला गं. चिखलाचा वास येतो. मी एका घासात ओळखते." मोठी आली ओळखणारी.

१८ एप्रिल
हिराताई आली, पाटी डोक्यावर. तीस वर्षं तिच्याच घरची मासळी खातोय. अशूला बघितलं आणि पाटी उतरवायच्या आधीच रडायला लागली. मग पाटीतून जिताडा काढला. हातभर लांब, चांदीसारखा. माझ्या हातात दिला.
पैसे विचारायची सोय नाही. माहेरी आलेल्या पोटुशीला पहिला मासा हिराताईचा, हा तिच्या सासूपासूनचा नेम. माझं माहेर इथलंच, माझ्या दोन्ही वेळेला तिच्या सासूने दिला होता.
"खाडीचा घास हाय गो. पोर बघ कसं अंगानं भरंल."
घेतला. न घेणं म्हणजे तिच्या तोंडावर दार लावणं.
पण खरं सांगायचं तर घेताना नाला आठवला. सकाळी ड्युटीला जाताना गाडीतून नाला दिसतो. आज जांभळा होता. परवा हिरवा. कपडे रंगवायच्या कारखान्यांचं पाणी. ते शेवटी जातं कुठं हे काय कोणाला माहीत नाही? मी ह्याच खाडीचं खाऊन एवढी झाले, कधी मनात आलं नाही. आज आलं. माझ्या पोटाची भीती नाही वाटली. तिच्या पोटाची वाटली.
अशूला सांगितलं, उद्या करते. मासा फ्रीजमध्ये ठेवलाय. झाकण लावून. जसं काय तो ऐकणार आहे.

१९ एप्रिल
आज जे केलं ते इथंच लिहिते, दुसरीकडे बोलायची सोय नाही.
हिराताईचा जिताडा पिशवीत घालून वडप्याला, मी मासळी कापायला जाते त्या गोडाऊनला नेला. फेकणार नव्हते, मासा फेकवत नाही. सलीमभाईंना दिला. ते सकाळी माल उतरवून घेतात, त्यांच्या घरात तीन पिढ्या मासळीच्या. पिशवीत डोकावले आणि माझ्याकडे बघत राहिले.
"बाय, खाडीचा जिताडा आणि नको? तबियत ठीक हाय ना?"
म्हटलं, पोरीसाठी भीती वाटते.
"ला इकडं. आमच्या घरात कोणाला भीती वाटत नाय."
दुपारी एक पाकीट परत आलं. जिताड्याचे तुकडे, मीच सकाळी कापलेले. स्टिकर 'तळे'. आमच्याकडे दोनच स्टिकर, 'समुद्र' आणि 'तळे'. मोबाईलवरून मागवणारी बाई म्हणे दारातूनच ओरडली, फार्मचा आम्ही खात नाही, त्याला इंजेक्शन देतात. मासा बघितलासुद्धा नाही, स्टिकर बघितला. परत आलेला माल पुन्हा विकत नाहीत. सुपरवायझर मॅडमची सही घेऊन स्टाफ नेऊ शकतो. मी नेला.
तळ्याचं तपासलेलं पाणी, वर तसा कागद असतो. त्यात रंग नाही. नाला नाही. असा विचार केला. बर्फाची पिशवी पातळ झाली होती, पण मासा गार होता. हात लावून बघितलं, गार होता.
घरी कोकमाचं आगळ घालून कालवण केलं. खाडीचा म्हणून वाढला.
अशूने तीन तुकडे खाल्ले. "बघ, खाडीचा तो खाडीचा! कुठे चिखल, कुठे काय." हे पण पॉवरलूमवरून येऊन जेवले, बोटं चाटत होते. मी हसले. काय करणार.

२६ एप्रिल
खोटं एकदा बोललं की त्याला रोज जेवायला घालावं लागतं. हिराताई परवा पुन्हा आली. बोय आणि दोन छोटे जिताडे. आता पैसे घेतले. "पोरीला आवडला ना गो?" म्हटलं, लय. ती एवढी खूश झाली की मला तिच्याकडे बघवेना.
दोन्ही जिताडे सलीमभाईंकडे. घरी गोडाऊनचा, ह्या वेळी ताजा, स्टाफच्या दराने. अशू म्हणते, "मागच्यापेक्षा जरा कमी गोड, पण खाडीचाच."
हिराताईने गल्लीत सांगून टाकलंय, अशू माझ्याच माशावर पोसतेय. समोरच्या शेवंतानेही तिच्या सुनेसाठी सांगून ठेवलाय.

३ मे
आज गोडाऊनमध्ये ऑर्डरवरच्या सूचना वाचून दाखवत होतो जेवताना. एकाने लिहिलंय, मासा जंगली पाहिजे. सलीमभाई म्हणाले, "मंग जाळं कशाला, बंदूक घेऊन जातो." एका बाईला समुद्रातला हवा पण वास नसलेला. एकाला तळ्यातलाच हवा, समुद्रात प्लास्टिक आहे म्हणून.
मी विचारलं, सलीमभाई, तुम्ही खरं सांगा, कुठला चांगला?
"जो ताजा हाय तो. बाकी लोकांना मासा नाय खायचा, भरोसा खायचा हाय."
खूप हसलो. घरी येताना नाला लाल होता.

११ मे
अशू दोन दिवस जेवत नाही. मळमळ म्हणते. आठव्यात मळमळ कसली? अंग मोडून आलंय. ह्यांना म्हटलं तर म्हणे उन्हाचं आहे.

१२ मे
बुद्ध पौर्णिमा. विहारात गेलो. अशूने पांढरी साडी नेसली होती. वंदना झाल्यावर बाहेर उन्हात खीर वाटत होते, तिने वाटी हातात घेतली आणि माझ्याकडे वळली.
डोळे पिवळे.
मला आधी वाटलं साडीमुळे. तिला सावलीत नेलं, पुन्हा उन्हात आणलं. शेवंतापण बघून म्हणाली, अगं बाई.
खीर तिथंच राहिली.

१३ मे
इथल्या डॉक्टरने हात लावला नाही, कल्याणला मोठ्या हॉस्पिटलात न्या म्हणाला. ॲडमिट. कावीळ. गरोदरपणात ही वाईट, असं नर्स दुसऱ्या नर्सला म्हणाली, मला नाही. बाळाचे ठोके ऐकवले. धडधड धडधड. माझ्यापेक्षा त्याचं काळीज शांत आहे.
सारखे हात धुतेय.

१४ मे
डॉक्टर राउंडला आले. अशूपेक्षा जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठे असतील. विचारलं, बाहेरचं काय खाल्लं, काय प्यायली. आठवड्याचं नाही, महिन्याभराचं सांगा. ही कावीळ अंगात शिरून बरेच दिवस बसते, मग दिसते.
हे लगेच म्हणाले, "खाडीचा मासा खाल्ला. चांगला तीन-चारदा."
नर्सने पेन थांबवलं. "खाडीचा? त्या तसल्या पाण्यातला? ह्या दिवसांत?"
अशू पडल्या पडल्या म्हणाली, "मीच मागितला होता."
मी तिथंच उभी होते.
घरी येऊन ही वही काढली. महिना मागे गेले. १९ एप्रिल. माझंच अक्षर. बर्फाची पिशवी पातळ झाली होती. मीच लिहिलंय. किती वेळ उन्हात फिरलं असेल ते पाकीट? दारातून दारात. भरउन्हाचं. आणि मी हात लावून म्हणते गार होता!
वही घेऊन जमिनीवरच बसले. ह्यांनी विचारलं काय झालं. म्हटलं, उपाशी आहे.

१५ मे
विहीणबाई आल्या. ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं. अशूच्या कपाळावर हात ठेवून बसल्या, आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, "आम्ही सात महिने तिला बाहेरचं पाणीसुद्धा दिलं नाही. तुम्ही खाडीची घाण घातलीत." जावई खाली बघत होते.
आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "चुकलं."
कोणाचं चुकलं ते नाही म्हणाले.

१६ मे
१९ एप्रिलची ती दोन पानं फाडून टाकावीत असं सकाळपासून वाटतंय. मग कोणालाच कळणार नाही. मलाच कळेल, पण मला काय, मी गप्प बसते की.
फाडली नाहीत. का ते माहीत नाही.
रक्त गोठायची टेस्ट रोज करतायत. गोठायला वेळ लागतोय म्हणे. म्हणजे बाळंतपणात काय, ते कोणी बोलत नाही. मला विचारायची हिंमत नाही.

१७ मे
डॉक्टरांना एकटं गाठलं, जिन्यात. सगळं सांगितलं. मासा खाडीचा नव्हताच, गोडाऊनचा होता, तळ्यातला, परत आलेला, बर्फ वितळलेला. बोलताना रडू आलं, लोक बघत होते.
त्यांनी शांत ऐकून घेतलं. "उकळलेलं कालवण ना? मग माशाचं डोक्यातून काढा. बहुतेक पाण्यातून आलंय. पिण्याचं पाणी कुठलं?"
सांगितलं, नळ कमी येतो, उन्हाळ्यात टँकर.
"उकळता?"
उकळतो. कधी कधी. घाईत नाही. अशूला माठातलं गार हवं असायचं. ते उकळलेलं होतं का? रोज होतं का? आठवत नाही. आठवतच नाही. स्टिकर बघत बसले सगळ्या जगाचे, माठात बघितलं नाही.
म्हटलं, म्हणजे नक्की पाणीच?
"नक्की मी नाही सांगू शकत, मावशी. पण घरात कोणाकोणाला काय सांगायचं ते तुम्ही बघा. ते माझं काम नाही."
खाली उतरले तेव्हा भीती कमी व्हायला हवी होती. झाली नाही. आता दोन्हीकडून आहे.

१८ मे
कपडे घ्यायला घरी गेले. गल्लीत शिरले तर बायका गोळा. अशू कशी आहे विचारलं, मग शेवंता म्हणाली, "हिरीला काल परत पाठवली आम्ही. म्हटलं, तुझी खाडी तुलाच ठेव." तिच्या सुनेने आठ दिवसांपूर्वी खाल्ला होता तर शेवंता रोज तिच्या डोळ्यांच्या पापण्या ओढून बघते. मग मलाच म्हणते, "वैनी, तुझ्या गोडाऊनचा आणून दे ना आम्हाला. त्याला निदान स्टिकर तरी असतो."
मी हो म्हणाले! हो म्हणून घरात शिरले आणि दाराला टेकून बसले.

२० मे
हिराताई हॉस्पिटलात आली. रिकाम्या हाताने, पहिल्यांदाच. गेटवरून आत येईना. मला बोलावून घेतलं. लुगड्याचा पदर तोंडात.
"माज्या हातनं झालं का गो? खरं सांग. मी तो मासा सकालीच काढलेला. ताजा व्हता. तुला दाखवलं ना कल्ले?"
दाखवले होते. लाल होते, ताज्या माशाचे असतात तसे.
"मंग कसं झालं?"
मी म्हटलं, "हिराताई, तुझं काही नाही." एवढंच म्हटलं. ती ऐकत होती, अजून काहीतरी येईल म्हणून थांबली होती. मागून विहीणबाई आल्या. ही कोण, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "गावातली आहे."
गावातली आहे! जिच्या सासूने मला पहिल्या वेळेला भरवलं ती.
हिराताई गेली. वळून बघितलं नाही.
मी भित्री आहे. हे एकदा स्पष्ट लिहून ठेवते.

२२ मे
अर्धा दिवस ड्युटी. सलीमभाईंनी स्वतःहून विषय काढला. त्यांनाही कानावर आलंय, ह्या भागात काय लपतं.
"तो खाडीचा मासा माझ्या घरात खाल्ला, बाय. सात माणसं. माझी नात चार वर्षांची. सगळी खडखडीत. मी येऊन सांगू का तुझ्या व्याह्यांना?"
नको म्हटलं, जवळजवळ ओरडले.
ते टोपलीतला बर्फ हलवत राहिले. मग म्हणाले, "तू सांगायला पायजे. मी सांगितलं तर ती चुगली होईल."
सांगितलं तर काय होईल त्याची यादी रोज करते मनात. विहीणबाई अशूला माझ्या दारात पुन्हा पाठवणार नाहीत. हे मला काय म्हणतील. गल्ली हसेल. पण सगळ्यात जास्त भीती अशूची. पोर एवढी विश्वासाने जेवली. तिला असं वाटेल की आईच्या हातचं पण बघून खावं लागतं.

२३ मे
आज बाळ दुपारभर हललं नाही. नर्सने पट्टा लावला, मशीन गुरगुरलं, काही नाही, काही नाही, मग सापडले ठोके. मधली ती मिनिटं मी मनात कोणाकोणाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही.
विहीणबाईंनी माझा हात धरला होता. दोघींना नंतर लाज वाटली, सोडला.

२४ मे
कावीळ किंचित उतरली असं डॉक्टर म्हणाले, पण रक्ताचा रिपोर्ट मनासारखा नाही. उद्या सकाळी पुन्हा टेस्ट, त्यावर ठरेल, थांबायचं की आत्ताच बाळ बाहेर काढायचं.
हे घरून माठ फोडून आले. डॉक्टरांनी राउंडला पाणी-पाणी म्हटलं ते ह्यांनी ऐकलं होतं. मला वाटायचं ह्यांचं लक्षच नाही. पण हिराताईचं नाव अजून तसंच आहे. पाण्यामुळे असेल आणि माशामुळेही असेल, असं सगळे म्हणतात. एकदा नाव लागलं की दोन्ही चालतं.
ह्यांनी सांगितलं, हिराताई आता खाडीत जातच नाही. बर्फाच्या डेपोवरून तळ्याचा मासा आणून नाक्यावर विकते. गिऱ्हाईक येतं म्हणे. तीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिला विचारलं, मासा कुठला, आणि ती म्हणाली, "तल्याचा हाय, घ्या, काय व्हत न्हाय."

२५ मे
रिपोर्ट अकरापर्यंत येईल. विहीणबाई आणि जावई खाली, सही करायला बोलावलंय त्यांना.
सकाळी मी ह्यांना म्हटलं, हिराताईला घेऊन या. का, विचारलं. म्हटलं, आणा. ते रिक्षाने जाऊन घेऊन आले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, बाहेर बाकावर बसलेत.
हिराताई आत आली ती दारापाशीच उभी राहिली. पेज आणलीय तांदळाची, डब्यात. मीठसुद्धा घातलं न्हाय, म्हणाली. अशूने हात पुढे केला तर मागे सरकली.
"न्हाय गो बाय. हात न्हाय लावत. माज्या हाताला वास हाय."
अशूला रडू फुटलं. मला वाटलं आता बोलावं. तोंडाने बोलायला मला कधीच जमलं नाही, म्हणून तर वही.
वही मांडीवरच होती. अशू डोळे पुसत म्हणाली, "दिवसभर काय लिहितेस गं? कधी दाखवत नाहीस. वाच ना मोठ्याने. रिपोर्ट येईपर्यंत तेवढाच वेळ जाईल."
हिराताई म्हणाली, "वाच. मला काय वाचता येत न्हाय. मी पन ऐकते."
म्हटलं, थांबा, आजचं लिहून होऊ दे.
दोघी थांबल्यात. अशूचे डोळे अजून पिवळे आहेत. मी हळूहळू लिहितेय, ओळ संपू नये म्हणून. पान उलटायचं आहे, मागे, १६ एप्रिलला. ह्या ओळीपर्यंत वाचून झालं की ह्या दोघी माझ्याकडे कशा बघतील ते मला माहीत नाही.
हिराताईने स्टूल पुढं ओढलं.